वरणात पाणी

भाऊ तुरुंगात गेला तेव्हा त्याची थोरली पाचवीत होती आणि धाकटा पहिलीत. गावाकडं बांधावरून भांडण झालं, दोन घरं एकमेकांवर धावून गेली आणि समोरच्या एकाचं डोकं फुटलं. माणूस वाचला, पण फिर्यादीत माझ्या भावाचं नाव सगळ्यांत वर लागलं. तो तिथं होता एवढं मला ठाऊक आहे. त्यानं हात उचलला की नाही हे मी पाहिलेलं नाही, आणि तो सांगतो तेवढ्यावर शपथ घ्यायची माझी तयारीही नाही. जामीन एकदा फेटाळला गेला. खटला उभा राहायला वेळ होता. मधेच काही कारणानं त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या तुरुंगात हलवलं.

गावच्या शाळेत पोरांना चिडवायला लागले, म्हणून भावजय दोघांना घेऊन आमच्याकडं शहरात, पडेगावला आली. आमचा मुलगा शिकायला बाहेर असतो. नवरा वाळूजला कंपनीत, शिफ्टप्रमाणं येणार-जाणार. मी गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवायला उभी असते. घरात एक खोली रिकामी होती, ती त्यांची झाली. पोरांना आम्ही खोटं काही सांगितलं नव्हतं. पप्पा जेलमध्ये आहेत, त्यांनी काही केलं की नाही ते कोर्ट ठरवणार, तोवर त्यांना तिथंच राहावं लागणार, इतकं साधं सांगितलं होतं. दोघांनी ते ऐकून घेतलं. मला वाटलं, अवघड भाग संपला.

मग आम्ही पोरांना भेटीला नेलं.

भेटीच्या खोलीत मधे काच आणि दोन्हीकडं फोन, त्यातला आवाज शेजारी उभ्या माणसालाही ऐकू येई. भाऊ आला तो मला आधी ओळखूच आला नाही. सदरा खांद्यावरून उतरला होता, गळ्याजवळची हाडं वर आलेली. भावजय बोलली, मी बोलले, मग थोरलीनं फोन घेतला. बाकी काही विचारायचं सोडून तिनं विचारलं, "पप्पा, आज काय जेवलात?"

तो हसला. "लई चांगलं असतंय इथं. सकाळी पोहे. दुपारी वरण-भात, भाजी, पोळ्या. रविवारी गोड."

धाकट्यानं तिच्या हातातून फोन ओढला. "गोड काय?"

"शिरा."

धाकटा आईकडं वळून म्हणाला, "बघ, आपल्याकडं दर रविवारी नसतो."

भाऊ बोलताना पोरांकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. मला ते कळलं, आणि थोरलीलाही कळलं असावं, कारण तिनं परत फोन मागितला नाही.

बाहेर झाडाखाली भेटीला आलेली माणसं बसतात. तिथं एक बाई भावजयीशेजारी येऊन टेकली. तिचा मुलगा आत होता. ती वाईट बाई नव्हती, तिला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं. "तुमचं बी मानूस आतच का? मग काय इचारता. वरण म्हंजे नुसतं हळदीचं पानी. पोळ्या कच्च्या. परवा माझ्या लेकाच्या भातात किडा निघाला. पोट धरून बसतंय पोरगं, अन् बोलायची सोय नाय." भावजयीनं धाकट्याचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं. थोरलीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, नुकताच फोडलेला. तिनं तो नीट दुमडून माझ्या पिशवीत ठेवला.

बसमध्ये मी वाट बघत होते की ती काहीतरी विचारेल. तिनं काही विचारलं नाही. खिडकीला कपाळ टेकवून बसली. लहान मूल रडलं तर आपण समजावतो, ओरडलं तर दटावतो. गप्प बसलं की काय करायचं ते कळत नाही. शहर जवळ आलं, दिवे दिसायला लागले, तरी ती तशीच बसून होती.

त्यानंतर काही दिवसांनी जेवताना मी पाहिलं, थोरली वाटी घेऊन उठली, माठाजवळ गेली आणि तिनं वरणात पेलाभर पाणी ओतलं. येऊन बसली आणि ते पाणी भातावर ओतून कालवायला लागली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"मला पातळ आवडतं."

मी म्हटलं, आवडत असेल. मुलांच्या तऱ्हा असतात. पण पुढं रोज तेच सुरू झालं. भाजी ती बाजूला सारायची. आवडीची वांग्याची भाजीसुद्धा धाकट्याच्या ताटात जायची. आणि एक दिवस मी पोळ्या लाटत होते, तर मागून येऊन ती म्हणाली, "आत्या, माझी पोळी जरा कच्ची ठेव ना."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. तिच्याकडं वळून बघायचाही मला धीर झाला नाही. तव्यावरची पोळी करपली, तिचा वास सुटला, तेव्हा कुठं मी गॅस बंद केला.

मी भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, "आक्का, आता या पोरीचं काय करू मी?" मग पदर तोंडाला लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिला तरी काय सुचणार होतं. नवऱ्याची काळजी तिला झोपू देत नव्हती.

धाकट्याचा प्रकार निराळाच. त्यानं अंगणात खेळ काढला होता. शेजारची दोन-तीन पोरं रांगेत उभी करायची, करवंटीत माती कालवून वाढायची, आणि ओरडायचं, "लाइन! लाइनीत! किडा हाय तर बाजूला काढ अन् गप खा!" शेजारच्या बाईनं आपल्या पोराला दंडाला धरून घरात नेलं. भावजयीनं धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडत म्हणाला, "मी तर पोलीस होतो!"

थोरली शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा शाळेतून मला दुकानात फोन आला. रिक्षानं छावणी भागातून जाताना मला एकच भीती वाटत होती, की ही पोरगी बापासाठी स्वतःला उपाशी मारणार आणि आम्ही तिघं मोठी माणसं ताटावर बसून बघत राहणार. डॉक्टरांनी डोळे बघितले, नखं बघितली. "हिला खाऊ घाला," म्हणाले. "बाकी काही आजार नाही." मी मान डोलावली. खाऊ घालणं हेच तर आमचं दुखणं होतं.

त्या रविवारी मी भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या आणि तिला समोर बसवलं. हात कामात असले की बोलणं सोपं जातं, मुलांनाही आणि मलाही.

"तू पप्पांसारखं जेवतेस," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं नाही. एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले.

"त्या बाईनं सांगितलं ते तू ऐकलंस."

"पप्पा खोटं बोलले," ती म्हणाली.

"व्हय. बोलले."

मी हे कबूल करीन असं तिला वाटलं नसावं. ती माझ्याकडं बघायला लागली. मग तिनं जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती. "आत्या, तसं जेवण म्हणजे शिक्षा असते का? चूक केली म्हणून कच्ची पोळी देतात का?"

मला नाही म्हणायचं होतं. पण खरं सांगायचं तर मलाच माहीत नव्हतं. लहानपणापासून आपण ऐकत आलो, जेलची हवा, जेलची भाकरी. तिथं चांगलं कशाला मिळेल, असंच आपण धरून चालतो. साडी दाखवताना गिऱ्हाइकानं रंग टिकेल का विचारलं की मी बेधडक हो म्हणते. इथं मात्र तसं म्हणवेना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आपण पप्पांच्या वकीलबाईंना विचारू."

"मी पण येणार."

भावजय नको म्हणत होती. पोरीला अजून काय काय ऐकवणार, हा तिचा सवाल होता, आणि तो चुकीचा नव्हता. मला स्वतःलाच भीती होती. पण न सांगितलेल्या गोष्टी तिनं आपल्या मनानं जुळवल्या होत्या आणि त्या जुळवणीपायी ती चक्कर येऊन पडली होती. त्यापेक्षा वाईट काय ऐकणार होती ती?

वकीलबाईंचं ऑफिस अदालत रोडला, वरच्या मजल्यावर. तरुण बाई, सदा घाईत. पण पोरीला बघून त्यांनी समोरच्या फायली बाजूला केल्या आणि खुर्ची पुढं ओढली. थोरलीनं तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारला.

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "कोंडून ठेवणं, घरच्यांपासून लांब ठेवणं, ही शिक्षा. वाईट जेवण ही शिक्षा नाही. कुठल्याही न्यायाधीशाला कुणाला कच्ची पोळी खायची शिक्षा देता येत नाही. किती डाळ, किती भाजी द्यायची याचे नियम असतात. आणि तुझ्या पप्पांना तर अजून शिक्षा झालेलीच नाही. त्यांचा निकाल लागायचाय."

थोरली हळूच म्हणाली, "पण समजा पप्पांनी खरंच मारलं असेल तर?"

भावजयीनं खाली मान घातली. मी पंख्याकडं बघत बसले. घरात हा प्रश्न कुणीच मोठ्यानं विचारला नव्हता.

वकीलबाई गडबडल्या नाहीत. "तरीसुद्धा," त्या म्हणाल्या. "मारलं असेल तर कोर्ट शिक्षा देईल. जेवण तरीही नीटच द्यायचं. जेवण हे चांगलं वागल्याचं बक्षीस नाही."

"मग ते नीट का देत नाहीत?"

"कुठं माणसं जास्त आणि स्वयंपाक करणारे कमी असतात. कुठं माल वाईट येतो. कुठं कुणाचं लक्ष नसतं, आणि आतला माणूस बोलत नाही, म्हणून तसंच चालू राहतं. तुझ्या पप्पांच्या तिथं नेमकं काय आहे ते मला इथं बसून सांगता येणार नाही." मग त्या मला म्हणाल्या, "घरचा डबा द्यायची परवानगी मागता येते, पण तुम्ही एवढ्या लांबून रोज डबा कसा पोचवणार? दुसरा रस्ता आहे. प्रत्येक तारखेला कोर्टात न्यायाधीश विचारतात, काही तक्रार आहे का. तुमचे भाऊ दर वेळी नाही म्हणतात."

"मग त्यांना हो म्हणायला सांगू," थोरली म्हणाली.

जिना उतरताना भावजयीनं माझा दंड धरला. "आक्का, पोरीच्या हट्टापायी त्यांचं आत काही बरंवाईट झालं म्हंजे? तुम्ही-आम्ही इथं. त्यांना परत त्याच माणसांत जायचंय."

तिचं खरं होतं. तुरुंगातून त्याचा घरी फोन आला तेव्हा मी भावाला आडून विचारून पाहिलं होतं, तर तो एकदम आवाज उतरवून म्हणाला होता, "आक्का, तू या भानगडीत पडू नको. बोललं की नजरेत येतं माणूस." त्या एका वाक्यानं माझी पार दैना केली होती. दुकानात साडीची घडी मोडायची आणि पुन्हा घालायची, आणि मनात एकच. नजरेत येतं म्हणजे काय होतं? मारतात? एकटं ठेवतात? भेट बंद करतात? कुणाला विचारावं तर जो तो आपलं ऐकीव सांगणार.

शेवटी मी थोरलीला इतकंच सांगितलं. "पप्पांना आपण सांगू शकतो. पण बोलायचं की नाही ते पप्पांनी ठरवायचं. राहायचं त्यांना आहे तिथं. ते नाही म्हणाले तर आपण ओढायचं नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. पण वरणात पाणी ओतणं थांबलं नाही.

तारखेच्या दिवशी भावजयीनं धपाटे केले, दही घट्ट बांधून घेतलं. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. पोलीस भावाला घेऊन आले तेव्हा धाकटा धावत सुटला, मी त्याला मधेच पकडलं. बरोबरच्या हवालदारांना भावजयीनं हात जोडले. "साहेब, दोन घास खाऊ द्या त्यांना घरचं."

"बाहेरचं चालत नाही बाई."

"लेकरं आलीत साहेब."

हवालदार वयस्क होते. त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं, डब्याचं झाकण उघडायला लावलं, वास घेतला. "आधी तुमच्यातलं कुणीतरी खाऊन दाखवा," म्हणाले. मी हात पुढं केला तर त्यांनी थोरलीकडं बोट केलं. "पोरीला खाऊ द्या."

ती डब्याकडं बघत राहिली. कित्येक आठवड्यांत तिनं दही-धपाट्याला हात लावला नव्हता. हवालदारांना वाटलं असेल, पोरगी घाबरली. ती नाही म्हणाली असती तर ते झाकण परत लागलं असतं. तिनं बापाकडं पाहिलं. मग तुकडा तोडला, दह्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावत राहिली, गिळता गिळेना. डोळ्यांत पाणी आलं.

भाऊ तिच्या हाताकडं बघत होता. शाळेच्या गणवेशाच्या बाहीतून तिचं मनगट काडीसारखं दिसत होतं. "ही एवढी का वाळली?" त्यानं विचारलं.

धाकट्यानं सांगून टाकलं. "दीदी जेवत नाही पप्पा. ती तुमच्या जेलचं जेवण जेवते. वरणात पाणी घालून."

भावाच्या चेहऱ्यावरचं ते काचेमागचं हसू गळून पडलं. तो बाकावर बसला, बेडीच्या हातानंच त्यानं तिला जवळ घेतलं.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "शिरा नसतो. वरण पातळ असतंय, पोळ्या कच्च्या असतात. कधी भाताला वास येतो. पण मी जेवतो. सगळं जेवतो. आणि तू नाय जेवलीस म्हणून माझ्या ताटात काही जास्त पडत नाय. उलट तिथं बसून मला वाटत असतं, पोरं तरी पोटभर जेवत असतील. तेवढंच मला तिथं बरं वाटतंय."

थोरलीनं तोंडातला घास गिळला. "वकीलबाई म्हणाल्या ती शिक्षा नसते."

"काय?"

"खराब जेवण. ती शिक्षा नसते. तुम्ही न्यायाधीशांना सांगू शकता. पण तुम्हीच ठरवायचं. आत्या म्हणाली, आपण ओढायचं नाही."

भावानं हवालदारांकडं पाहिलं. ते दुसरीकडं बघत होते. भावजय पुटपुटली, "नका हो काही बोलू." भाऊ धपाटा हातात धरून बसला. मग पुकारा झाला आणि त्याला आत नेलं. त्यानं काय ठरवलं ते आम्हाला कळलं नव्हतं.

वकीलबाईंनी आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी कागद चाळले, पुढची तारीख सांगितली आणि मान वर न करताच विचारलं, "काही तक्रार आहे का?"

एरवी उत्तर लगेच यायचं. या वेळी आलं नाही. न्यायाधीशांनी वर पाहिलं. थोरलीनं माझ्या मांडीवर हात ठेवला. मला वाटलं, हा नाही म्हणाला तर बरं. त्याच क्षणी वाटलं, नाही म्हणाला तर ही पोरगी पुढं आयुष्यात कशावर विश्वास ठेवेल?

"आहे, मॅडम," भाऊ म्हणाला. आवाज इतका बारीक होता की त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. "जेवणाची आहे. वरणात डाळ नसती. पोळी कच्ची येती. पोटाचा त्रास होतो. मला एकट्याला नाय, लई जणांना."

न्यायाधीशांनी दोन-चार प्रश्न विचारले. कधीपासून, डॉक्टरांनी पाहिलं का, कुणाला सांगितलं का. लिहून घेतलं. वैद्यकीय तपासणी करा, जेवणाबद्दल अहवाल द्या, असं काहीसं त्या म्हणाल्या. सगळं मिनिटा-दोन मिनिटांत आटोपलं आणि पुढच्या माणसाचा पुकारा झाला.

घरी येताना थोरलीला भूक लागली होती. आल्याबरोबर तिनं दोन पोळ्या खाल्ल्या, तेवढ्या जास्त झाल्या आणि तिला उलटी झाली. मला मात्र तिची उलटीही त्या दिवशी बरी वाटली.

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. भावाचा फोन ठरल्या दिवशी यायचा, तो आला नाही. आठवडा गेला, पुढच्या आठवड्यातही आला नाही. भावजय माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. ताट वाढायची, पण माझ्याकडं बघायची नाही. एकदाच म्हणाली, "आता झालं ना समाधान?" नवऱ्याला म्हटलं, आपण चुकलो का? रात्रपाळीहून आलेला तो माणूस चप्पल काढता काढता म्हणाला, "चुकलो की नाही ते नंतर बघू. आधी जाऊन बघून येऊ."

थोरलीही फोनकडं बघत बसायची. जेवायची, पण आता दुसरीच भीती घेऊन. "आत्या, माझ्यामुळं झालं का?"

"काय झालंय तेच आपल्याला माहीत नाही," मी म्हणायचे. "आणि जे असेल ते तुझ्यामुळं नाही. बोलले पप्पा. विचारलं म्हणून बोलले, आणि खरं तेच बोलले." तिला पटलं की नाही कोण जाणे. मला स्वतःला दिवसातून दहादा पटायचं आणि दहादा पटायचं नाही.

आम्ही भेटीला गेलो. खिडकीवरच्या शिपायानं नाव पाहिलं आणि म्हणाला, "तो बराकीत नाही." मी विचारलं, मग कुठं आहे? शिपाई कुणाला तरी विचारायला आत गेला. तो परत येईपर्यंत थोरली माझ्या पदराचं टोक पिळत उभी होती, आणि माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

"दवाखान्यात होता," शिपाई येऊन म्हणाला. "आतल्याच. पोटाचं होतं. आणतोय."

भाऊ आला. दाढी वाढलेली, पण रंग जरा उजळ. कोर्टानं तपासणी करायला सांगितल्यावर डॉक्टरांनी त्याला तिथंच ठेवून घेतलं होतं आणि तिथून फोन लावता येत नव्हता. इतकंच होतं. भावजय फोनवर आधी रडली आणि मग त्याच्यावरच चिडली. मी विचारलं, कुणी त्रास दिला का? तो म्हणाला, "मारलं-बिरलं नाय कुणी. एकानं सुनावलं, घरातलं गाऱ्हाणं बाहेर सांगतो का म्हणून. आणि माझं बागेतलं काम होतं, ते काढून घेतलं. ते काम मला आवडायचं." हे सांगताना तो हसला नाही. बराकीतले काही जण त्याच्यावर नाराज होते, कारण तपासणीच्या गडबडीत सगळ्यांच्याच झडत्या वाढल्या. काही जण मुद्दाम येऊन पाठीवर हात ठेवून गेले.

थोरलीनं फोन घेतला. "आता कसं असतं जेवण? खरं सांगा."

"खरं सांगतो. साहेब लोक येऊन बघून गेले. डाळ आता हाताला लागते. भात बरा आहे. पोळ्या तशाच कच्च्या."

"मग पोळ्यांचं परत सांगायचं."

भावानं माझ्याकडं पाहिलं नाही, तिच्याकडंच पाहिलं. "बघू," तो म्हणाला. "मी ठरवतो. तू जेवतेस का ते सांग."

"जेवते."

"काय जेवलीस आज?"

तिनं सगळं सांगितलं. धाकट्यानं मधे मधे दुरुस्त्या केल्या.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. थोरलीचं वजन भरायला बरेच महिने लागले. मधेच बापाचा फोन चुकला की दोन दिवस तिचं जेवण उतरायचं. आम्ही तिला त्यावर रागवायचं सोडून दिलं. तिच्या बाईंना मी शाळेत जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी दुसरं काही न विचारता मधल्या सुट्टीत तिला आपल्याजवळ बसवायला सुरुवात केली. पोळ्यांबद्दल भाऊ पुढच्या तारखेला बोलला की नाही? नाही बोलला. थोरलीनं त्याला त्याबद्दल काही विचारलं नाही. तिनं दिलेला शब्द पाळला.

थंडी सरताना वरच्या कोर्टातून जामीन झाला. तो आमच्याकडंच, पोरांजवळ राहायला आला त्या दिवशी भावजयीनं काय करू आणि काय नको असं केलं होतं. तो भिंतीला पाठ लावून बसला, डावा हात ताटाभोवती घातला आणि खाली मान घालून भराभर जेवला. आमचे अजून दोन घास झाले नव्हते, तोवर त्याचं ताट रिकामं. धाकटा टक लावून बघत होता. थोरलीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि स्वतः आपल्या ताटाकडं बघत जेवत राहिली. भावजयीनं न विचारता त्याला पुन्हा वाढलं, आणि मग तो हळू झाला.

नंतर धाकट्यानं त्याला सगळं विचारून घेतलं. आत कोण स्वयंपाक करतं, रांग खरंच असते का, कुणी जास्त मागितलं तर देतात का. भावानं एकेकाचं उत्तर दिलं. एका म्हाताऱ्याबद्दल सांगितलं, त्याला दात नव्हते आणि भेटीला कुणी येत नव्हतं. कच्ची पोळी त्याला चावायची नाही, म्हणून बराकीतली पोरं ती वरणात भिजवून द्यायची. थोरली ऐकत होती. "आता त्यांच्यासाठी न्यायाधीशांना कोण सांगणार?" तिनं विचारलं. भाऊ म्हणाला, त्याचीही तारीख असती, त्यालाही विचारतात. पण मग थांबून म्हणाला, "त्याला ऐकू कमी येतं." वकीलबाईंच्या कानावर आम्ही ते घातलं. त्यांनी बघते म्हटलं. पुढं काय झालं ते मला कळलेलं नाही.

खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही, आणि विरोधात लागला तर तो परत आत जाईल हेही मला दिसतं. पोरांनाही दिसतं. तारखेच्या दिवशी थोरली शाळेत जाताना दारात थांबते. "आज येतील ना परत?"

"आज फक्त तारीख आहे," मी सांगते. "येतील."

मागच्या वेळी त्याला उशीर झाला. मी दुकानातून आले तरी तो आलेला नव्हता. दोघं पोरं ओट्यावर पाढे म्हणत बसली होती, म्हणजे धाकटा म्हणत होता आणि थोरली रस्त्याकडं बघत होती. मग कोपऱ्यावर तो चालत येताना दिसला. त्याला फक्त पुढची तारीख मिळाली होती.